उत्पलाचा बारावा सीटी

“आतापर्यंत किती सीटी स्कॅन झालेत हिचे?”

डॉक्टर तौर मॅडमनी अगदी सहज विचारलं. एका हाताने त्यांनी उत्पलाची हनुवटी धरली होती आणि दुसऱ्या हातातल्या बारक्या बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांत टाकत होत्या. भीमराज चटकन म्हणाला, “चार-पाच झाले असतील.” म्हणाला खरा, पण त्या ‘असतील’वर तो स्वतःच अडखळला. शेजारी उभ्या असलेल्या साक्षीने खांद्यावरची कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि आतली पाकिटं एकेक करून बाहेर काढली. मोठी पिवळी, मग पांढरी, मग कुठल्या तरी स्कॅन सेंटरचं चित्र छापलेली निळी. तिने ती तारखेप्रमाणे मांडली. सगळ्यात जुन्या पाकिटावर मुलीचं नावही नव्हतं. ‘बेबी ऑफ साक्षी, वय तीन महिने’ एवढंच होतं. एक ओळ टेबलाच्या कडेला जाऊन संपली, तशी तिने खाली दुसरी ओळ सुरू केली. शेवटचं पाकीट ठेवून ती म्हणाली, “अकरा.”

मॅडम रागावल्या नाहीत, चकितही झाल्या नाहीत. त्यांनी केसपेपरवर अकराचा आकडा लिहिला आणि परत उत्पलाकडे वळल्या. पण भीमराज त्या दोन ओळींकडे बघत राहिला. दहा वर्षं तो चाकणच्या एका कारखान्यात कास्टिंगचे एक्स-रे काढत होता. ॲल्युमिनियमची ओतीव कवचं, गिअरबॉक्सची, पंपाची. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या धातूच्या पोटात कुठे हवेचा बुडबुडा अडकलाय, कुठे केसाएवढी भेग गेलीय, हे शोधण्याचं त्याचं काम. त्या खोलीच्या दारावर पिवळी पाटी होती आणि पाटीवर पहिलंच वाक्य होतं की अठरा वर्षांखालच्या कुणालाही आत प्रवेश नाही. त्या पाटीखालून तो दिवसातून वीस वेळा जायचा. छातीवर बिल्ला लावून जायचा. आपल्या अंगावर किती किरण पडले ते तो बिल्ला धरून ठेवायचा, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा आणि आकडा परत यायचा. दशांश चिन्हानंतर शून्य, मग एखादा बारीकसा अंक. भीमराजला स्वतःचा दहा वर्षांचा प्रत्येक आकडा तोंडपाठ होता. आणि त्याच्या मुलीच्या डोक्यातून ते किरण अकरा वेळा आरपार गेले होते आणि तो म्हणाला होता, चार-पाच. त्याच्या दहा वर्षांच्या बिल्ल्यांवर मिळून जेवढं उमटलं असेल तेवढं तिच्या एवढ्याशा डोक्यातून एका सकाळी, दोन-तीन मिनिटांत गेलं असणार. कदाचित जास्तच. हे त्याला आजवर माहीत नव्हतं असं नाही. माहिती त्याच्याजवळ होती आणि मुलगीही त्याच्याजवळ होती, पण दोन्ही एकमेकांशेजारी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

दोन दिवस उत्पलाचं डोकं दुखत होतं. आज सकाळी शाळेचा गणवेश घालताना तिला दोनदा उलटी झाली. दुसरं मूल असतं तर घरात कुणी म्हणालं असतं, काल पाणीपुरी खाल्लीस ना? पण उत्पलाच्या उलटीला घरात कुणी असं काही म्हणत नसे. तिच्या उजव्या कानामागे कातडीखाली एक नळी होती. डोक्यात साठणारं पाणी त्या नळीने मानेतून, छातीवरून, आतल्या आत पोटात उतरायचं. डॉक्टर त्याला शंट म्हणायचे. ती नळी तुंबली की पाणी डोक्यातच साठायचं आणि मेंदू दाबला जायचा. म्हणून भीमराजने फोन करून शिफ्ट सोडली आणि पिंपळे गुरवहून रिक्षाने तिघं चिंचवडच्या या हॉस्पिटलात आली. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि तौर मॅडम महिन्याभरापूर्वीच आल्या होत्या. परभणीकडच्या होत्या. बोलणं सावकाश, पण हात भराभर चालणारे.

“मॅडम, आजपर्यंत उलटी झाली की सीटी, डोकं दुखलं की सीटी असंच चालत आलंय,” भीमराज म्हणाला. “इतके लागतात का हो?”

“त्यातले बरेच लागणारच होते,” मॅडम म्हणाल्या. “शंट बंद पडला तर जीव जाऊ शकतो, आणि आत बघितल्याशिवाय ते कळत नाही. सगळेच लागले असतील असं मी म्हणणार नाही.” मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोघांकडे बघत म्हणाल्या, “आता ऐका. सीटी आत्ता मोकळा आहे, पाच मिनिटांत होईल. पण आपल्याकडे छोटा एमआरआयही करता येतो. त्यात हे किरण नसतात आणि तोही तीन-चार मिनिटांचाच. फक्त आत एक पेशंट आहे, त्यामुळे पाऊण तास थांबावं लागेल. ही आत्ता नीट बोलतेय, ओळखतेय, डोळ्यांच्या बाहुल्या ठीक आहेत. म्हणजे थांबता येईल, पण माझ्या डोळ्यांसमोर. झोपाळायला लागली की थांबणं बंद.”

“सीटीच करून टाकू,” साक्षी म्हणाली.

“थांबू,” भीमराज म्हणाला.

दोघं एकदमच बोलली. साक्षीने त्याच्याकडे बघितलं. “अहो, पाऊण तास. हिला काही झालं म्हणजे? पुढचं पुढे बघता येईल.” तिचं म्हणणं चूक नव्हतं हे त्याला दिसत होतं. तरी तो पुन्हा म्हणाला, “थांबू,” आणि आपल्या आवाजात एवढा जोर कुठून आला ते त्याचं त्यालाच कळेना. कारण तो जोर आजच्या दिवसाचा नव्हता. तो तीन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळचा होता. बागेतल्या झोक्यावरून उत्पला पडली होती. टेंगूळ आलं होतं, पण ती रडून झाल्यावर हसत होती, भेळ मागत होती. त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी न्या, लक्ष ठेवा, दोन-तीन तासांनी उठवून बघा. आणि भीमराजने हट्ट धरला होता. नाही, सीटी करूनच टाका, म्हणजे मनाला शांती. हेच शब्द. सीटी झाला, काही निघालं नाही, आणि त्या रात्री तो गाढ झोपला होता. टेबलावरच्या त्या अकरांतलं आठवं पाकीट ते. ते कुणाच्या आजाराचं नव्हतं, ते त्याच्या झोपेचं होतं. आपल्या झोपेसाठी आपण ती पिवळी पाटी ओलांडून पाच वर्षांच्या मुलीला आत नेलं, हे त्याला आज, या टेबलासमोर, पहिल्यांदा दिसलं. आणि दिसल्यावर तो धडपडत दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला होता.

मॅडमनी उत्पलाला तपासणीच्या खाटेवर उशी उंच करून निजवलं. नर्सने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. मॅडम मधेमधे दुसरे पेशंट बघत होत्या, पण त्याच खोलीत, आणि दर पाच मिनिटांनी येऊन उत्पलाला काहीतरी विचारत होत्या. भीमराजला सोपानराव आठवले. मावळातल्या एका खेड्यातले, त्याला हे काम शिकवणारे. तेव्हा डिजिटल नव्हतं, फिल्म धुवावी लागे. लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत सोपानराव फिल्म पाण्यात हलवायचे आणि त्या राखाडी चौकोनात हळूहळू धातूचं पोट उमलायचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा भीमराजच्या अंगावर काटा आला होता. ज्याला हातोडा फोडू शकत नाही त्याच्यातून काहीतरी शांतपणे चालत गेलं होतं आणि पलीकडे येऊन आत काय आहे ते सांगत होतं. “याला वास न्हाई, आवाज न्हाई, ऊब न्हाई,” सोपानराव म्हणायचे. “समोर उभा हाय का न्हाई त्ये बी कळत न्हाई. म्हणून आत जाताना मी मनातल्या मनात याला हात जोडतो. तू नगं जोडू, तू आंबेडकरवाला, पर बिल्ला इसरू नगं.” भीमराज हसला होता. हात त्याने कधी जोडले नाहीत. पण पुढे किती वर्षं तरी बटण दाबण्याआधी त्याचा एक श्वास थांबायचा. तो श्वास नक्की कधी थांबेनासा झाला हे त्याला आता आठवत नव्हतं.

मॅडम परत आल्या तेव्हा त्याने विचारलं. हळू, उत्पलाला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीपाशी जाऊन. “मॅडम, याने हिला कॅन्सर होईल का?”

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. आजवर कुठल्या डॉक्टरच्या तोंडून त्याने हे दोन शब्द ऐकले नव्हते. “दहा हजार मुलांचा एकेकदा सीटी काढला तर पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांच्यात रक्ताच्या कॅन्सरचं एखाद-दुसरं मूल जास्तीचं निघतं, असा अंदाज आहे. एका सीटीचा धोका खूप लहान. पण सीटी वाढले की तोही वाढत जातो. हिचे अकरा. तरीसुद्धा बहुतेक करून काहीच होणार नाही. आणि कधी काळी काही झालंच, तर ते यानेच झालं की आपसूक झालं, हे मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही.”

“मग लहान मुलांनाच जास्त धोका कसा?”

“वाढत असतात म्हणून. बघा, आपल्या अंगात रोज कितीतरी तुटतं. ऊन लागून, धूर लागून, काही न लागताही. आणि प्रत्येक पेशी आपलं तुटलेलं आपणच सांधत बसलेली असते. आत्ता आपण बोलतोय तेव्हाही. वाढत्या मुलात हे काम फार घाईत चालतं, एकाच्या दोन, दोनाच्या चार. घाईत एखादा टाका चुकतो. आणि चुकलेला टाका उसवायला त्यांच्यापुढे वर्षंही पुष्कळ असतात.” मग त्यांनी टेबलावरचं सगळ्यात जुनं पाकीट उचललं आणि आतली फिल्म काढून खिडकीच्या उजेडावर धरली. “ही बघितलीत कधी? नीट?”

त्याने बघितली होती. पण तेव्हा तो बाप होता, समोरचं काही दिसत नव्हतं. तेव्हाचं त्याला एक टोपडंच आठवत होतं. त्याच्या आईने, प्रभावतीने, नातीसाठी हाताने शिवलेलं पांढरं टोपडं. पहिल्या महिन्यात ते सैल होतं, दुसऱ्यात बरोबर बसलं आणि तिसऱ्यात एका आठवड्यात ते कानांवर चढेना. आईने उसवून मोठं केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा चढेना. तेव्हा ती टोपडं हातात धरून दारात बसली आणि म्हणाली, “भीमा, हे काही बरोबर नाही रे.” मग भोसरीतलं ते स्कॅन सेंटर, मग घाई, मग ऑपरेशन. आता तो आपल्या कामाच्या नजरेने ती फिल्म वाचायला लागला. कवटीची पांढरी कडा, अंड्याच्या कवचासारखी पातळ. आत सगळीकडे काळं, नुसतं पाणी. त्याला वाटलं एवढंच आहे. मग मॅडमनी पेनाच्या टोकाने कडेला दाखवलं तेव्हा दिसलं. कवचाला आतून चिकटलेली एक राखाडी पट्टी. बारीक, संत्र्याच्या सालीएवढी. “हा तिचा मेंदू,” मॅडम म्हणाल्या. “पाण्याने दाबून भिंतीला लावलेला. एवढाच राहिला होता.”

भीमराज त्या पट्टीकडे बघत राहिला. कारखान्यात असला नग त्याच्यासमोर आला असता तर त्याने लाल खडूने फुली मारून बाजूला फेकला असता, पुन्हा वळून बघितलंही नसतं. भिंतीची जाडी कमी, आत पोकळ, नापास. आणि या पट्टीने नंतर जागा मिळाल्यावर काय काय केलं होतं? ती उलगडली होती. कुणी न शिकवता परत आपल्या जागी येऊन बसली होती. दीड वर्षाची असताना ती ‘पप्पा’ म्हणाली होती, चौथ्या वर्षी खोटं बोलायला शिकली होती, साखर खाऊन तोंड पुसून म्हणाली होती, मुंगीने खाल्ली. या पट्टीला तेराचा पाढा येत होता. ही पट्टी आजीवर रुसत होती.  त्याने खिडकीची चौकट धरली. त्याला रडू आलं नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. खूप उंच काहीतरी एकदम समोर उभं राहिलं की मान मागे जाते आणि तोंड उघडंच राहतं, तसं त्याचं झालं होतं. ज्या किरणांनी हे दाखवलं त्यांनीच कदाचित त्या पट्टीत कुठे एखादा धागा तोडलाही असेल, आणि त्या पट्टीने कदाचित त्याच दुपारी तो सांधलाही असेल, दूध पिता पिता. आठ वर्षं आपल्या घरात हे चाललं होतं. आपण शेजारच्या खाटेवर मोबाइल बघत पडलेले असायचो.

“पप्पा, इकडे या ना,” उत्पलाने हाक मारली.

तो खाटेवर तिच्या पायांशी बसला. तिला जागं ठेवायचं म्हणून म्हणाला, “नाव-गाव-फळ-फूल खेळायचं? म. मवरून गाव?”

“मोशी.”

“फळ?”

“मोसंबी. फूल मोगरा. नाव...” ती हसली, “मम्मी.”

“मम्मी नाव असतं का?”

“आमच्याकडे असतं.” साक्षीही हसली. प वर पिंपरी आणि पपई झालं. च वर चाकण आणि चिकू. च वर फूल म्हणून भीमराजच अडला तेव्हा तिने चाफा सांगितला आणि आपल्याला दहा गुण घेतले. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं झाली होती. भीमराजला वाटलं, निभलं. आता निम्मंच राहिलं. 

“द,” तो म्हणाला. “दवरून गाव.”

“दिघी.” जरा थांबून ती म्हणाली, “देहू.”

“वा, दोन दोन. फळ?”

ती काही बोलली नाही. छताकडे बघत होती. त्याने तिचा पाय हलवला. “काळी असतात, हिरवी असतात. घोसात येतात.”

“हो,” उत्पला म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. “झोप येतेय पप्पा. नंतर सांगते.”

“मॅडम!” साक्षी ओरडली तोवर मॅडम खाटेपाशी आल्याही होत्या. त्यांनी उत्पलाच्या गालावर टिचक्या मारल्या, पापणी उचलून बॅटरी धरली, पेन वर नेत म्हणाल्या, “उत्पला, इकडे वर बघ. वर.” तिचे डोळे वर गेले नाहीत. मॅडम सरळ झाल्या. “थांबणं संपलं. सीटी,” त्या म्हणाल्या आणि भिंतीवरचा फोन उचलला.

खाट ढकलत नेताना चाकांच्या आवाजात भीमराजला एकच ऐकू येत होतं, आपण म्हणालो थांबू. चोवीस मिनिटं. सीटीच्या खोलीत ज्योतीराम नावाचा ऑपरेटर तयारच होता. त्याने उत्पलाला अलगद उचलून मशीनच्या फळीवर ठेवलं, कपाळावरून पट्टा घेतला. “एकजण आत थांबा,” तो म्हणाला. साक्षीने भीमराजकडे बघितलं आणि ती दाराकडे सरकली. त्याने शिशाचा जाड कोट अंगावर चढवला. मग न राहवून विचारलं, “भाऊ, लहान मुलांचं सेटिंग आहे ना?”

ज्योतीरामला त्याचा राग आला नाही. “मॅडमनी फोनवर सांगितलंय. नळी आणि पाणी दिसण्यापुरतंच काढायचंय. मोठ्या सीटीच्या पावपट पण नाही. झाल्यावर आकडा लिहून देतो तुम्हाला.” मग भीमराजने कोटाचा पट्टा स्वतःच सराईतपणे बांधला म्हणून असेल, त्याने विचारलं, “याच लाइनीतले काय?”

“कास्टिंगचे काढतो. चाकणला.”

“मग तुम्हाला काय सांगायचं,” ज्योतीराम म्हणाला आणि काचेपलीकडे गेला. जड दार लागलं. भीमराजने उत्पलाची दोन्ही पावलं हातात धरली. पावलं गार होती आणि डाव्या अंगठ्याला शाळेच्या बुटाचा फोड आला होता. दहा वर्षांत पहिल्यांदा तो बटणाच्या या बाजूला उभा होता. मशीन आत कुठेतरी फिरायला लागलं, वाढत गेलेला एक घुमघुमाट, आणि त्याला माहीत होतं की हा आवाज मशीनचा आहे, किरणांचा नाही. त्यांना आवाज नाही. ते आत्ता येताहेत, तिच्यातून जाताहेत, निघून जाताहेत. त्यांना ती मुलगी आहे हे ठाऊक नाही आणि धातू आहे असंही ठाऊक नाही. सूर्य नव्हता तेव्हाही ते असेच कुठून तरी कुठे तरी जात असतील. आणि या एवढ्या जुन्या, एवढ्या आंधळ्या गोष्टीला माणसाने एका फळीवर आणून, मापात घालून, सांग म्हटलं होतं, या मुलीच्या डोक्यात काय आहे ते सांग. त्याचा श्वास थांबला होता. किती वर्षांनी थांबला होता. हात जोडायला मोकळे नव्हते, त्यांत तिची पावलं होती. तो मनात म्हणाला, जा. लवकर जा. पण सांगून जा.

त्यांनी सांगितलं. काचेपलीकडच्या पडद्यावर मॅडमच्या आधी त्यालाच दिसलं. मधल्या काळ्या जागा फुगल्या होत्या, कडा गोलगोल झाल्या होत्या. मागच्या वर्षीच्या फोटोपेक्षा कितीतरी मोठ्या. मॅडम एवढंच म्हणाल्या, “तुंबलाय. वर घ्या,” आणि अर्ध्या तासाच्या आत उत्पला ऑपरेशनच्या दारामागे गेली. ज्योतीरामने कागदाच्या तुकड्यावर आकडा लिहून भीमराजच्या हातात दिला. त्याने तो वाचला. खरंच थोडा होता. आणि तरी तो तिच्यातून गेला होता, आणि गेला म्हणून ती आत होती, टेबलावर, वेळेत. या दोन गोष्टींतली एक ठेवून दुसरी टाकता येत नव्हती.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. दुपारचे साडेबारा झाले होते. समोरून डबे घेऊन नातेवाईक जात होते, कुठल्या तरी डब्यातल्या मेथीचा वास येत होता.  साक्षी समोर बघतच म्हणाली, “तुम्ही थांबू म्हणालात तेव्हा मला तुमचा राग आला.”

“आणि आता?”

“आताही आहे.” तिने हातातला चहाचा कागदी कप त्याच्यापुढे केला. निम्मा प्यायलेला होता. त्याने घेतला. “पण तेव्हा झोक्यावरून पडली होती,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही सीटी करा म्हणालात, आणि मला मनातून बरं वाटलं होतं. मी बोलले नाही एवढंच. तुम्ही बोललात.” त्याने एक घोट घेतला. चहा कोमट झाला होता. त्याला वाटलं, आठ वर्षं आपण दोघं एकाच दारावर बसून राखण करतोय आणि चोर कुठल्या बाजूने येईल ते दोघांनाही माहीत नाही. एकजण आजची बाजू धरून बसलाय, दुसरा वीस वर्षांनंतरची.

दोन वाजता मॅडम बाहेर आल्या. नळीचं वरचं टोक चोंदलं होतं, बदललं, पाणी चालू झालं. भीमराजने आधी तेच विचारलं, “मॅडम, मी थांबायला लावलं ते...”

“चोवीस मिनिटांनी काही बिघडलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि थांबायला मी सांगितलं होतं, तुम्ही नाही. पुन्हा अशी आली आणि जागी असली, तर पुन्हा थांबायला सांगेन. झोपाळली तर पुन्हा सीटी करेन. एवढंच माझ्या हातात आहे.” त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. त्यांना भूक लागली असावी. जाता जाता त्यांनी साक्षीला विचारलं, “खाली कँटीनमध्ये काय मिळतं हो आत्ता?”

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम राउंडला आल्या तेव्हा भीमराज तयारीत उभा होता. जुने डॉक्टर ऑपरेशननंतर न चुकता एक सीटी करायचे. आज विचारायचंच, लागेल का म्हणून, असं त्याने ठरवलं होतं. मॅडमनी टाके बघितले, डोळे बघितले, उत्पलाला शाळेचं पुस्तक वाचायला लावलं. तिने मुद्दाम सगळ्यात अवघड धडा काढून एका दमात वाचला. मग मॅडम म्हणाल्या, “आता चालून दाखव. एकटी. या पॅसेजमधून सरळ जा, कोपऱ्यावरून वळ, वॉर्डाला फेरी मारून पलीकडून ये.”

“आणि सीटी?” भीमराजने विचारलं.

“कशाला?” मॅडम म्हणाल्या. “ती चालतेय ना.”

उत्पला निघाली. डोक्याला पांढरी पट्टी, अंगात हॉस्पिटलचा ढगळ झगा, पायात आजीने पाठवलेल्या नव्या चपला. भिंतीला हात न लावता ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. भीमराज वाट बघत उभा राहिला. मॅडम पुढच्या खाटेवर गेल्या. पलीकडच्या टोकाला कुणी येत नव्हतं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. त्याचा पाय उचलला गेला, पण साक्षीने त्याची बाही धरली. “येऊ द्या तिची ती,” ती म्हणाली. 

ती आली, पण एकटी नव्हती. तिच्या मागोमाग एक बाई आली, हिरव्या लुगड्यातली, उन्हाने रापलेली, वीस-बावीसची असेल. कडेवर तान्हं मूल होतं. पदराखालून त्याचं डोकं दिसत होतं, मोठं, चकचकीत, कपाळावरच्या शिरा निळ्या. दुसऱ्या हातात सीटीची चिठ्ठी होती. “ही तुमची का?” तिने भीमराजला विचारलं. “बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली आन् म्हनाली, माझं बी असंच व्हतं. मला खरं वाटंना. खरं हाय का?”

“खरं आहे,” भीमराज म्हणाला. “तीन महिन्यांची होती.”

बाई उत्पलाकडे बघत राहिली. आधी पट्टीकडे, मग चेहऱ्याकडे, मग खाली नव्या चपलांपर्यंत आणि परत वर. तिचा हात नकळत पुढे आला आणि उत्पलाच्या खांद्यावर थांबला, जणू कापड जाड आहे की पातळ ते बघावं तसा. “शाळंत जाती?” तिने विचारलं.

“तिसरीत,” उत्पला म्हणाली. “तेराचा पाढा म्हणू?”

“म्हन की.”

उत्पला म्हणू लागली. बाई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. मूलही पदरातून बाहेर बघत होतं. भीमराजचं लक्ष तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे होतं. त्याला किती काय सांगायचं होतं. अकरा पाकिटं, दहा हजार मुलं, चुकलेला टाका. पण त्या डोक्याच्या आत कडेला कुठे तरी एक राखाडी पट्टी असेल, आणि ती आहे की नाही, किती आहे, हे आज कुणीतरी बघायलाच हवं होतं. तेरा दाहे झाल्यावर तो म्हणाला, “ताई, जा, काढून घ्या सीटी. उशीर करू नका. फक्त आत गेल्यावर ज्योतीरामला सांगा, तान्हं आहे, तान्ह्याच्या मापाने काढा. तो काढतो तसंच, पण तुम्ही सांगा. आणि पुढच्या वेळी कुणी पुन्हा काढा म्हणालं, तर एकदा विचारा, लागणारच आहे का. विचारायला घाबरायचं नाही.”

“तान्ह्याच्या मापानं,” बाई म्हणाली. तिने ते दोनदा म्हणून बघितलं. मग मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सीटीच्या बाणाकडे चालायला लागली.

“पप्पा,” उत्पला म्हणाली, “त्या बाळाचं नाव अजून ठेवलंच नाहीये. मी त्यांना एक सांगून आलेय.”